लास तुस्कासमधला शेवटचा माणूस

चांगला विज्ञानपट कशाला म्हणावं, या विषयावर डेल्फोर सांतिल्यान गेली अठरा वर्षं दर गुरुवारी बोलत होता, आणि अठरा वर्षांत "मग तुम्हीच एक काढून दाखवा ना" असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं, हा लास तुस्कासच्या लोकांचा चांगुलपणाच म्हणायचा. तो चांगुलपणा जानेवारीच्या, म्हणजे तिथल्या भर उन्हाळ्याच्या, दुसऱ्या गुरुवारी संपला.

डेल्फोर माध्यमिक शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचा, म्हणून गाव त्याला 'प्रोफे' म्हणे, आणि गुरुवारी संध्याकाळी सात वाजता वाचनालयाच्या हॉलमध्ये चित्रपट मंडळ चालवायचा. आधी चित्रपट, मग चर्चा, असा शिरस्ता होता. चित्रपटाला सात-आठ माणसं येत. त्यातली तिघं झोपत, दोघी हॉलच्या मोठ्या पंख्यासाठी येत, आणि डेल्फोरची बायको इर्मा नवरा अंधारात वायरीला अडकून पडू नये म्हणून येई. चर्चेला मात्र एकच माणूस उरायचा, औषधांच्या दुकानाचे डॉन एलियास आब्दाला.

आब्दालांचं वय एकाहत्तर, अंगात पांढरा कोट, आणि मत एकच. "प्रोफे, यंत्र दिसलं पाहिजे," ते म्हणत. "यंत्र दिसलं पाहिजे आणि त्यावर दिवे लुकलुकले पाहिजेत. दिवे नाहीत तर विज्ञान कसलं? नुसती गोष्ट झाली ती."

यावर डेल्फोरचंही एकच मत होतं. "डॉन एलियास, चांगल्या विज्ञानपटात खोटं एकच असावं. एकच! बाकी सगळं आपल्या गल्लीसारखं खरं. माणूस चंद्रावर गेलेला चालेल, पण तिथेही त्याचा बूट चावला पाहिजे."

हा वाद अठरा वर्षं चालू होता. दोघांनाही एकमेकांचं पटत नसे आणि दोघंही गुरुवार चुकवत नसत. शाळेत पोरं डेल्फोरच्या तासाला खिडकीबाहेर बघत, घरी इर्मा त्याचं बोलणं पाण्याच्या मोटारीच्या आवाजासारखं कानाआड करी. गुरुवारी मात्र एक माणूस समोर बसून त्याच्याशी रीतसर भांडे. त्या दोन तासांत डेल्फोर स्वतःला जे समजायचा, ते असायचा. गुरुवार गेला तर आठवड्यात आपलं असं काही उरणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणि गुरुवारच जायची वेळ आली होती. वाचनालयाच्या अध्यक्ष डोन्या आयदे त्या दिवशी चर्चेच्या आधी उभ्या राहिल्या. त्यांचा स्वभाव तसा मऊ, पण हातात वही असली की कडक होत.

"प्रोफे, चाकारेरा नाचाच्या वर्गाला त्रेचाळीस बायका थांबल्यात," त्या म्हणाल्या. "त्यांना गुरुवारच हवाय. तुमच्याकडे आज किती? आठ. त्यात हे गृहस्थ झोपलेत. वाचनालयाच्या वर्धापनदिनाच्या सभेत कार्यकारिणी ठरवणार. तोवर मंडळाचं काहीतरी ठळक काम दिसलं पाहिजे."

तेवढ्यात आब्दाला ताडकन उठले. "ठळक काम? बाई, प्रोफे स्वतः चित्रपट काढतायत! विज्ञानपट! वर्धापनदिनाला दाखवणार आहेत. लिहा तुमच्या वहीत."

डोन्या आयदेंनी लिहिलं. आब्दालांनी मंडळाची वकिली केली होती खरी, पण अशिलाला न विचारता. डेल्फोरने त्यांच्याकडे पाहिलं, तर ते काम फत्ते झाल्यासारखे खाली बसले आणि म्हणाले, "दिवे मात्र लावा हं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गावभर झालं. लास तुस्कासमध्ये बातमी पसरायला पावाच्या दुकानापलीकडे जावं लागत नाही. डेल्फोर पाव घ्यायला गेला तो पाऊण तासाने सल्ले घेऊन परतला. पाववाल्या बाईचं म्हणणं, प्रेम हवं. प्रेम नसेल तर जग बुडालं काय आणि तरंगलं काय. खाटिक ओस्काराल्दोचं म्हणणं, राक्षस हवा, आणि राक्षसासाठी लागतील तेवढी आतडी तो फुकट देईल. केस कापणाऱ्याने अंगावर चंदेरी कपडे हवेतच असं बजावलं. पत्र्याखाली लावतात तो चकचकीत कागद त्याच्या माळ्यावर पडून होता. चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात तो कागद गुंडाळून उभा राहणारा माणूस अर्ध्या तासात भट्टीतला बटाटा होईल, हे भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने सांगितलं, तेव्हा तो दुखावला. "मग हे भविष्य आहे हे लोकांना कळणार कसं, प्रोफे?" डेल्फोरकडे उत्तर होतं, पण पावाच्या रांगेत द्यावं असं नव्हतं.

ते उत्तर त्याला रात्रीच सुचलं होतं. जगबुडीचा चित्रपट काढायचा तर मोठी शहरं रिकामी करावी लागतात, त्याला खर्च येतो. लास तुस्कास रोज दुपारी एक ते पाच आपोआप रिकामं होतं. दुकानं बंद, पडदे ओढलेले, खिडक्यांच्या फळ्या लावलेल्या. पोरांनासुद्धा उन्हात पकडून नेणाऱ्या दुपारच्या म्हातारीची भीती घालून निजवतात. रस्त्यावर कुत्रं नसतं. मानवजात नष्ट झाली तर या गावात ते पाच वाजेपर्यंत कुणाच्या लक्षातच येणार नाही! आणि हीच गोष्ट. एक माणूस दुपारी पत्र टाकायला निघतो, पोस्ट बंद असतं, तो चौकातल्या बाकावर पाच वाजायची वाट बघत बसतो. पाच वाजतात. एकही फळी उघडत नाही. संपलं.

खोटं एकच. बाकी सगळं खरं. डेल्फोरला स्वतःचाच इतका अभिमान वाटला की त्याने इर्माला उठवून सांगितलं.

"आणि तो माणूस कोण?" इर्माने उशीतूनच विचारलं.

"मीच. दुपारची झोप सोडून दुसरं कोण येणार?"

"आणि कॅमेरा?"

इथे डेल्फोरने कूस बदलली, कारण लास तुस्कासमध्ये कॅमेरा म्हणजे इर्माचा भाऊ रुपेर्तो. रुपेर्तो लग्नं आणि मुलींचे लग्नासारखे थाटाचे पंधरावे वाढदिवस टिपायचा. वीस वर्षांत त्याने आयुष्याची अशी एकच बाजू पाहिली होती, की समोर दिसेल त्या माणसाला तो "हसा!" म्हणे आणि डोळा ओला दिसला की भिंग त्या डोळ्यावर नेऊन ठेवी. मेहुणा बदलता येत नाही आणि कॅमेरा दुसरा नव्हता.

पहिला दिवस. दुपारचे दोन. डेल्फोर तपकिरी सूट घालून, हातात पत्र घेऊन 'पंचवीस मे' नावाच्या मुख्य रस्त्यावर उतरला. गाव रिकामं, ऊन पांढरंफटक, जगाचा शेवट कसा हुबेहूब. रुपेर्तो कोपऱ्यावर उभा होता.

"हसा, दाजी!"

"अरे, मी जगातला शेवटचा माणूस आहे. हसू कशाला?"

"मग निदान हात तरी हलवा."

"कुणाला हलवू? कुणी उरलंय का?"

तिसऱ्या वेळी डेल्फोर न हसता पोस्टापर्यंत पोचला, तेव्हा मागून शिट्टी वाजली. पोलीस ठाण्यातला एकुलता एक शिपाई शर्टाची बटणं लावत सायकलवरून येत होता. त्याच्या गालावर उशीची घडी उमटली होती. कुणीतरी खिडकीच्या फटीतून पाहून फोन केला होता, की एक इसम दुपारच्या वेळी रस्त्याने चालतो आहे. या गावात दुपारी चालणारा माणूस एक तर चोर असतो नाही तर वेडा, आणि शिपायाला दोन्हीचा कंटाळा होता.

"प्रोफे, तुम्ही?" तो म्हणाला. "घरी काही भांडण झालंय का?"

"चित्रपट काढतोय."

"परवानगी?"

"रिकाम्या रस्त्याची?"

"रस्ता नगरपालिकेचा आहे," शिपाई म्हणाला. "रिकामा असला तरी." मग तो डेल्फोरला घरापर्यंत सोडून आला, आणि त्या वेळी मात्र खिडक्यांच्या फटींत बरेच डोळे होते. अठ्ठावीस वर्षं नोकरी केलेल्या शिक्षकाला सायकलच्या मागे मागे चालत घरी जावं लागणं, ही गोष्ट डेल्फोरने मनाला लावून घेतली.

इर्मा म्हणाली, "परवानगी-बिरवानगी मागू नकोस, म्हाताऱ्या. शिपायाला खिम्याच्या दोन एम्पानादा नेऊन दे आणि पुढच्या वेळी लवकर उरक." बाईचं डोकं व्यवहारी. पण डेल्फोरला आता कागदच हवा होता. शिक्क्याचा, नाकासमोर धरता येईल असा. इथेच त्याने हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

नगरपालिकेत खिडकीपाशी निकासियो नावाचा कारकून होता, डेल्फोरचाच जुना विद्यार्थी. त्याला डेल्फोरने दोनदा नापास केलं होतं, ही गोष्ट दोघांनाही आठवत होती.

"म्हणजे प्रोफे, दुपारी दोन ते चार लोकांनी घरात असावं, अशी तुमची विनंती आहे."

"बरोबर."

"पण ते असतातच."

"असतातच."

"मग तुम्हाला हवंय काय?"

"काहीच नको. आहे तसंच राहू दे, एवढंच."

निकासियोने फडताळ उघडलं, मिटलं. "आहे तसं राहू द्यायचा अर्ज नाही आपल्याकडे. जाहीर सभेचा आहे. किती लोक जमणार?"

"शून्य."

"दहाच्या आत सभा धरत नाहीत." त्याने माते, म्हणजे तिथला कडवट चहा, नळीने ओढत विचार केला. भौतिकशास्त्रात त्याने इतका विचार केला असता तर कुठल्या कुठे गेला असता. "मिरवणुकीसाठी रस्ता बंद करण्याचा अर्ज भरा. संताचं नाव लिहायची जागा कोरी सोडा. फक्त नियम असा आहे, की रस्ता बंद करायचा तर तीन दिवस आधी गावात भोंगा फिरवून सांगावं लागतं."

डेल्फोरने सही केली. त्याला शिक्का मिळाला. तो त्याने घरी आणून इर्माला दाखवला. इर्माने वाचला, नवऱ्याकडे पाहिलं आणि कांदा चिरत राहिली.

तीन दिवस भोंग्याची गाडी गावभर फिरली. "नागरिकांना कळवण्यात येतं, की शुक्रवारी दुपारी दोन ते चार पंचवीस मे रस्ता आणि चौक इथे जगाच्या शेवटाचं चित्रीकरण होणार असल्यामुळे, कुणीही घराबाहेर पडू नये!"

शुक्रवारी दोन वाजता लास तुस्कासच्या इतिहासात पहिल्यांदा गाव जागं होतं. लोकांनी फुटपाथवर खुर्च्या मांडल्या होत्या. संध्याकाळी मांडतात तशाच, फक्त सावलीच्या बाजूला. बर्फ घातलेले माते फिरत होते. पाववाल्या बाईने टोपली आणली होती आणि तिचा खप चांगला चालला होता. ओस्काराल्दोने खरोखरच एक घमेलं भरून आतडी आणली होती. जगातला शेवटचा माणूस तपकिरी सूट घालून कोपऱ्यावर आला, तेव्हा दोनशे लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"कृपा करा, आत जा," डेल्फोर हात जोडून म्हणाला. "तुम्ही सगळे मेलेले आहात!"

"आम्ही काही बोलत नाही, प्रोफे," एक आजी खुर्चीतून म्हणाली. "तुम्ही तुमचं करा. आम्ही नुसत्या बसतो."

"पण तुम्ही दिसता!"

"मग डोळे मिटतो," आजी म्हणाली आणि तिने खरंच मिटले. तिचं पाहून आख्ख्या रांगेने मिटले.

डेल्फोरने तो भोंगा, तो अर्ज, तो शिक्का आणि निकासियोचे उत्तीर्ण न झालेले दोन पेपर, सगळं एकदम आठवलं. रुपेर्तो मात्र खूष होता. त्याला इतकी तोंडं एका जागी लग्नातसुद्धा मिळत नसत. तो रांगेने "हसा! हसा!" करत सुटला होता.

त्यानंतर कुठल्याही दुपारी डेल्फोर नुसता दाराबाहेर आला तरी आजूबाजूच्या फळ्या किलकिल्या होत. सोमवारी त्याने सूट न घालता चोरून प्रयत्न केला, तर कोपऱ्यावर चौदा माणसं खुर्च्या घेऊन आधीच हजर. वर्धापनदिन शनिवारी होता. बुधवारपासून रुपेर्तोला एक लग्न आणि दोन पंधरावे वाढदिवस होते. म्हणजे मंगळवार उरला, एकच दुपार.

सोमवारी संध्याकाळी डेल्फोर अंगणात डोकं धरून बसला होता. "गुरुवार गेला, इर्मा," तो म्हणाला. "त्या बायका आता तिथे टाचा आपटणार. मी आणि डॉन एलियास कुठे बसायचं? औषधाच्या दुकानात, खोकल्याच्या बाटल्यांसमोर?"

इर्मा कपडे वाळत घालत होती. तिने तोंडातला चिमटा काढला.

"म्हाताऱ्या, लोकांनी घराबाहेर पडू नये असं तुला वाटतंय ना?"

"तेच तर म्हणतोय."

"मग त्यांना तुझ्या चर्चेचं आमंत्रण दे."

तिने चिमटा दोरीला लावला आणि पुढचा शर्ट घेतला. तिच्या बोलण्यात खोच नव्हती, आणि डेल्फोरला लागलं ते त्याचंच. खोचून बोलली असती तर उलट बोलता आलं असतं. रात्री जेवणापर्यंत तो अंगणातच फुगून बसला. जेवताना मात्र त्याच्यातला भौतिकशास्त्राचा शिक्षक जागा झाला. अठरा वर्षं, दर गुरुवार, एकच निष्कर्ष. इतक्या पुराव्यापुढे न्यूटनसुद्धा नमला असता.

मंगळवारी सकाळी आठला पावाच्या दुकानात पाटी लागली आणि भोंग्याची गाडी फिरली. "आज दुपारी अडीच वाजता चौकात प्राध्यापक डेल्फोर सांतिल्यान यांचं जाहीर व्याख्यान! विषय, चांगला विज्ञानपट कशाला म्हणावं? व्याख्यानानंतर चर्चा. चर्चेला वेळेचं बंधन नाही!"

शेवटचं वाक्य डेल्फोरचं स्वतःचं होतं. कलावंताने काम करायचं तर पूर्ण करावं.

गाव साडेबारालाच मिटलं. खिडक्यांच्या फटींत कापडाचे बोळे गेले. रोज सगळ्यांत उशिरा मिटणारी सिगारेटची टपरीही बंद झाली. ओस्काराल्दोने तर, पुढे कळलं, दिवाणखान्यातला दिवा दिसू नये म्हणून जेवण अंधारात उरकलं.

अडीच वाजता रुपेर्तो वाचनालयाच्या गच्चीवर कॅमेरा लावून बसला. डेल्फोरच्या कोटाच्या आत नवरदेवांना लावतात तो छोटा माईक होता. तो पत्र घेऊन रस्त्यावर आला. कुणी नाही. पोस्ट, बंद. चौक, रिकामा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक जिवंत सावली नव्हती. जगाला शेवट आणायचा तर याहून चांगला कुणाला आणता आला नसता, आणि डेल्फोरला आनंद झालाच. पण बाकावर बसता बसता त्याचं दुसरं मन मोजत होतं: दोनशे माणसं खुर्च्या घेऊन आली होती. आज एक नाही. एकसुद्धा नाही! त्याच्या चेहऱ्यावर मानवजात संपल्याचं जे दुःख आलं ते अभिनयाने येणारं नव्हतं, आणि गच्चीवर रुपेर्तोने भिंग हळूहळू पुढे नेलं.

तेवढ्यात औषधांच्या दुकानाच्या बाजूने कुणीतरी येताना दिसलं.

आब्दाला. पांढरा कोट, आणि डोक्यावर सावलीसाठी उलटी धरलेली स्वयंपाकघरातली खुर्ची. सावकाश, थांबत थांबत, त्यांनी आख्खा चौक ओलांडला. बाकासमोर आल्यावर खुर्ची उतरवली, मांडली, बसले आणि रुमालाने मान पुसली.

"सुरू करा," ते म्हणाले.

डेल्फोर बाकावरून अर्धा उठला. "डॉन एलियास, तुम्ही कशाला आलात?"

"जाहीर व्याख्यान आहे ना?"

"पण कुणीच आलेलं नाही."

"कुणी येणार नाही, हे मला सकाळी पाटी वाचली तेव्हाच कळलं होतं," आब्दाला म्हणाले. "म्हणून तर आलो. तुम्ही या उन्हात एकटेच बसला असतात, ते काही बरं दिसलं नसतं. चला, सुरू करा, टाळू तापलीय."

डेल्फोरने तोंड उघडलं. सांगायचं होतं, की डॉन एलियास, ही पाटी कुणी येऊ नये म्हणून होती, आणि सगळ्या गावात एकटे तुम्हीच आलात. पण हे वाक्य कुठून सुरू करावं ते त्याला सापडेना. चित्रपट बुडाला होता, गुरुवार बुडाला होता, आणि समोर एकाहत्तर वर्षांचा माणूस झोप सोडून खुर्चीत बसला होता. म्हणून त्याने जे त्याला येत होतं ते केलं. त्याने व्याख्यान दिलं.

"चांगल्या विज्ञानपटात," तो म्हणाला, "खोटं एकच असावं."

"हरकत आहे," आब्दाला म्हणाले.

पन्नास मिनिटं ते चाललं. मध्ये आब्दालांनी खुर्ची पुन्हा डोक्यावर घेतली आणि उभ्यानेच तिच्या पायांमधून बाजू मांडली. रुपेर्तोने कॅमेरा बंद केला नाही. आब्दालांच्या गालावर काहीतरी ओघळत होतं, आणि ओघळणाऱ्या गोष्टीवरून भिंग हटवायचं नाही, हा त्याच्या धंद्याचा पहिला नियम होता.

बुधवारी इर्माने ते सगळं पाहिलं. ती जागी राहिली, हे इथे नोंदवायला हवं. "हेच दाखव," ती म्हणाली. "दुसरं आहे काय तुझ्याकडे?"

"त्यांना कळेल ना, इर्मा, की पाटी कशासाठी होती!"

"मग आधी जाऊन सांग."

डेल्फोर तीन दिवसांत चारदा औषधांच्या दुकानात गेला. पहिल्यांदा डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन आला, दुसऱ्यांदा पायाच्या भोवरीची पट्टी, तिसऱ्यांदा तापमापक. चौथ्यांदा आब्दालांनी आपणहून विचारलं, "प्रोफे, घरी सगळं ठीक आहे ना?" आणि डेल्फोर आणखी एक तापमापक घेऊन परतला.

शनिवारी संध्याकाळी सात वाजता हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. चाकारेराच्या त्रेचाळीस बायका आपल्या गुरुवारासाठी आल्या होत्या. आदल्या आठवड्याच्या शुक्रवारी खुर्च्या घेऊन बसलेले दोनशे जण स्वतःला पडद्यावर पाहायला आले होते. त्यांतले निम्मे बाहेर उभे होते. पहिल्या रांगेत आब्दाला बसले होते. त्यांनी कोटाला इस्त्री केली होती.

दिवे गेले. पडद्यावर पंचवीस मे रस्ता आला. हॉल हळूहळू शांत झाला. डेल्फोर प्रक्षेपकापाशी उभा होता, त्याला आधी वाटलं लोक झोपले. पण कुणी झोपलं नव्हतं. लास तुस्कासमध्ये जन्मून म्हातारे झालेल्या या लोकांनी आपलं गाव दुपारी अडीचला कधी पाहिलंच नव्हतं. आपलं दार, आपला नळ, आपली चिंध्या लावलेली खिडकी, आणि आपण कुठेच नाही. डोळे मिटणाऱ्या आजीने छातीवर क्रूस काढला. चार मिनिटं हॉलमध्ये फक्त पंखा वाजत होता.

मग डोक्यावर खुर्ची घेऊन आब्दाला आले.

हॉल हशाने फुटला. हसता हसता मागून ओस्काराल्दो ओरडला, "अहो, म्हणजे ते व्याख्यान... आम्ही यावं म्हणून नव्हतंच? आम्ही उगाच अंधारात जेवलो!" मग सगळ्यांनाच उलगडलं आणि दुप्पट हशा झाला. पडद्यावरचे आब्दाला म्हणत होते, तुम्ही एकटेच बसला असतात, ते काही बरं दिसलं नसतं. हशा तिथे थोडा अडखळला. पहिल्या रांगेतले आब्दाला हसत नव्हते. डेल्फोरला त्यांची फक्त मान दिसत होती, आणि ती हलत नव्हती.

चित्रपट नऊ मिनिटांत संपला. दिवे लागले. डेल्फोर पुढे येऊन टेबलापाशी उभा राहिला. त्याचे कान तापले होते. त्या क्षणी कुणी गुरुवार मागितला असता तर त्याने देऊन टाकला असता; हा माणूस उठून निघून गेला तर गुरुवार घेऊन करायचं काय?

डोन्या आयदेंनी वही उघडली. "मंडळाच्या रिवाजाप्रमाणे, चर्चा. कुणाला बोलायचंय?"

आब्दाला उठले. कोट सारखा केला.

"मानवजात नष्ट झाली, हे पटतं," ते म्हणाले. "पोस्ट बंद आहे, हे तर पटतंच. पण मग एक माणूस खुर्ची घेऊन येतो. जानेवारीत. दुपारी अडीचला. या गृहस्थांचं व्याख्यान ऐकायला." ते थांबले. "हे पटत नाही. असं या गावात होणार नाही."

"पण झालं ना, डॉन एलियास!" मागून कुणीतरी ओरडलं. "तुम्हीच आहात की ते!"

"मीच आहे. म्हणून तर ओळखतो त्याला. तो इतका खुळा नाही." हॉलमध्ये हसू पसरलं, पण ते डेल्फोरकडेच बघत होते. "तो का आला, ते दिग्दर्शकाने नीट दाखवायला हवं होतं."

डेल्फोर म्हणाला, "विज्ञानपटात सगळं समजावून सांगितलं, डॉन एलियास, की... की तो बिघडतो."

"बरं. समजावू नका," आब्दाला म्हणाले. "पण तो माणूस पन्नास मिनिटं उन्हात बसला होता, प्रोफे. त्याला निदान पाणी तरी विचारायचं."

टेबलावर अध्यक्षांसाठी ठेवलेला पाण्याचा जग होता. डेल्फोरने पेला भरला, थोडं पाणी टेबलावर सांडलं, आणि तो पेला दोन्ही हातांनी धरून पहिल्या रांगेपाशी नेला. आब्दालांनी तो घेतला आणि उभ्यानेच, सावकाश, तळापर्यंत रिकामा केला. त्रेचाळीस बायकांतल्या एकीने शेजारणीला हळूच विचारलं, की हे असं दर गुरुवारी असतं का. डोन्या आयदेंनी ते ऐकलं आणि नाचाच्या बाईंना विचारलं, "तुम्हाला मंगळवार चालेल?"

आब्दालांनी रिकामा पेला डेल्फोरच्या हातात दिला आणि रुमालाने ओठ टिपले.

"आता दुसरी हरकत," ते म्हणाले. "दिवे कुठे होते?"